काका, काकू आणि कांकू

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत त्यांना सगळे काताकाका म्हणतात. खरं नाव मेंटेनन्सच्या पावतीपुरतं उरलंय. पूर्वी ते मुलीला कराटेच्या क्लासला सोडायला जायचे. सहा महिन्यांत तिला कंटाळा आला नि ती कथ्थककडे वळली. पण फी वर्षाची भरलेली. बँकेत हयात गेलेल्या माणसाला हे कसं सोसावं? पुढच्या सोमवारी काका स्वतःच पांढरा ड्रेस घालून दहा-दहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभे. काकू अजून सांगतात, "लोक पन्नाशीत कात टाकतात, ह्यांनी काता धरला."

काता म्हणजे समोर नसलेल्या शत्रूंशी ठरल्या क्रमानं लढणं. गेली दोन वर्षं काकांचा 'कांकू दाई' चालू आहे. शोतोकान शैलीतला थोरला काता, 65 हालचाली. मूळ नाव कुशांकू, एका चिनी दूतावरून पडलेलं; ओकिनावाचे फुनाकोशी गुरुजी 1922मध्ये तोक्योला आले, पुढे त्यांनी त्याचं कांकू केलं, म्हणजे आकाश न्याहाळणं. ही सगळी माहिती मला लिफ्टमध्ये, तळमजला ते तिसरा, अशी हप्त्यांनी मिळालेली आहे. आरंभी दोन्ही हात वर नेऊन बोटांच्या खिडकीतून आकाश बघायचं असतं. काकांना तिथून छताची ओल दिसते. काता थांबतो आणि सेक्रेटरींना अर्ज जातो.

मी बरोब्बर त्यांच्या खाली राहतो, त्यामुळे हा काता मला कानांनी पाठ आहे. धप्प, सर्र, धप्प, मग शांतता. शांतता म्हणजे काका विसरले. अथर्वशीर्ष मध्येच अडलं की पुन्हा पहिल्यापासून, तसंच हेही. त्यात एक गोची अशी, की इतोसू नावाच्या गुरूंनी नवशिक्यांसाठी जे पाच छोटे काते बांधले (शोतोकानमध्ये त्यांना हेआन म्हणतात), त्यांतलं बरंच काही ह्याच कुशांकूतून उचललेलं. पावलं सारखीच, फाटे वेगळे. रामरक्षा म्हणताना मारुतिस्तोत्रात शिरावं तसे काका चाळिसाव्या हालचालीला थेट चौथ्या हेआनमध्ये शिरतात आणि तोही मनोभावे पुरा करतात.

कियाई, म्हणजे ती आरोळी, ह्यात दोनदा येते. शेजारी तान्हं बाळ असल्यानं काकूंनी तिच्यावर बंदी घातलीय. काका ती नाकातून काढतात. एके ठिकाणी दोन्ही तळवे जमिनीवर टेकून समोर बघायचं असतं; त्या हालचालीत आजवर सोफ्याखालून एक रिमोट, दोन पेनं आणि काकूंच्या कानातलं सापडलंय. त्या एका हालचालीबद्दल काकू कधी काही बोलत नाहीत.

परवा परीक्षा झाली. महापालिकेच्या शाळेचा हॉल, बाहेरून आलेले परीक्षक. काकांचे सेन्सेई, म्हणजे गुरुजी, सव्वीस वर्षांचे. ते ह्यांना 'काका' म्हणतात आणि काका त्यांना 'सर'. मी मुद्दाम गेलो होतो. काका उभे राहिले आणि, काय सांगू, कां-कूं न करता सुटले! हेआनचा फाटाही बिनचूक चुकवला. फक्त मधोमध, मोकळ्या फरशीवर, त्यांनी दोन पावलं डावीकडे घेतली, कशाला तरी वळसा घातला आणि पुन्हा रेषेवर आले. शेवटी हवेत उडून दोन लाथा, मग उलट्या मुठीचा फटका आणि मुक्त कंठानं कियाई. खिडकीतली कबुतरं उडाली.

परीक्षकांनी वही मिटली. "मधली ती दोन पावलं कुठल्या परंपरेतली? त्यांचं बुंकाई काय?" बुंकाई म्हणजे त्या हालचालीचा लढाईतला अर्थ.

काका कमरेत वाकले. "ओस! टीपॉय, सर."

त्या रविवारी वरून जड काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. पाठोपाठ काकूंचा.