वूफररावांचं अंदाजपत्रक

नवी गाडी सोसायटीच्या फाटकातून आत आली की जमलेले लोक आपापल्या वकुबाप्रमाणे चौकशी करतात. कुणी मायलेज विचारतो, कुणी ऑन-रोड किंमत, कुणी "रंग छान घेतलात" एवढंच म्हणून पेढ्यांच्या पुड्याकडे हात नेतो. वूफरराव पेढा घेत नाहीत. ते गाडीला एक फेरी मारतात, ड्रायव्हरच्या दरवाज्यापाशी थांबतात, बोटाचं पेर वाकवून पत्र्यावर टकटक करतात आणि कलिंगड पारखणाऱ्यासारखा कान लावतात. मग मालकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "पत्रा वाजतोय. डॅम्पिंग करून घ्या."

चाकाखालचं लिंबू तेव्हा अजून ओलं असतं.

वूफरराव हे नाव नव्हे, पदवी आहे, आणि ती काही एकट्या आमच्या वूफररावांची नाही. ठाण्यात, नाशकात, पिंपरी-चिंचवडात, जिथे पार्किंग आहे तिथे एक तरी वूफरराव आहेच. वय पंचेचाळीसच्या अलीकडे-पलीकडे. गृहकर्ज निम्म्याहून अधिक फिटलेलं. सिगारेट नाही, पत्ते नाहीत, ट्रेकिंगला गुडघे नाहीत. आणि गाडी नऊ लाखांची, तीही सीएनजी.

लोकांना वाटतं, हा माणूस गाण्याचा शौकीन. मला ते तितकंसं पटत नाही. गाणं हे निमित्त; खरा शौक अंदाजपत्रकाचा. भौतिकशास्त्राचा कुठलाही नियम या माणसापर्यंत खर्चाचं कारण होऊनच पोचतो. न्यूटनच्या डोक्यावर सफरचंद पडलं असेल. वूफररावांच्या डोक्यावर पडतं ते कोटेशन.

त्यांची एक्सेल शीट मी पाहिली आहे. सुरुवात अगदी गरीब होती: पुढच्या दरवाज्यांचे स्पीकर बदलणे, साडेचौदा हजार, बास. कंपनीने दिलेल्या स्पीकरचा कोन कागदाचा, लोहचुंबक बटणाएवढं, त्यामुळे हा खर्च समंजस माणसालाही पटेल असा. साडेसहा इंची कम्पोनंट सेट, म्हणजे दरवाज्यात मोठा स्पीकर आणि वर आरशाजवळच्या त्रिकोणात छोटा ट्वीटर. इथे थांबता आलं असतं. पण चांगल्या स्पीकरला ताकद लागते आणि गाडीच्या स्टीरिओत ती नसते, म्हणून ॲम्प्लिफायर आला, चार चॅनलचा, सतरा हजार. ॲम्प्लिफायरला थेट बॅटरीपासून वायर ओढावी लागते, म्हणून वायरिंग किट. आणि एवढं सगळं करून पत्रा वाजणारच असेल तर पैसे पाण्यात, म्हणून डॅम्पिंग.

डॅम्पिंगवर ते मनापासून बोलतात आणि खरं सांगायचं तर बरोबर बोलतात. स्पीकरचा कोन पुढे जाताना समोरची हवा ढकलतो, त्याच वेळी मागची ओढतो. पुढची लाट आणि मागची लाट एकमेकींच्या नेमक्या उलट. दरवाज्याच्या आतल्या पत्र्याला कंपनीने हात जाईल एवढी भगदाडं ठेवलेली असतात. त्यातून मागची लाट पुढे येते आणि दोघी मिळून खर्ज खाऊन टाकतात. ती भोकं बुजवायची, पत्र्याला ब्यूटाइल रबराची, वरून ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेली शीट चिकटवायची, की तोच स्पीकर दुप्पट भारदस्त बोलायला लागतो. हे सगळं त्यांनी वहिनींना पोळ्या चालू असताना समजावलं होतं. वहिनींनी शेवटची पोळी तव्यावर टाकून विचारलं, "म्हणजे आधी दरवाजा आणि मग स्पीकर असं का नाही केलंत? कदाचित स्पीकर लागलाच नसता." या प्रश्नाला शीटमध्ये रकाना नव्हता.

बाकी रकाने भरपूर होते. वस्तू, मॉडेल, दुकानाचा भाव, घासाघीस करून आलेला भाव आणि 'गृहखात्याला कळवायचा भाव'. जमेच्या बाजूला एकच नोंद, 'सीएनजी बचत निधी'. पेट्रोलऐवजी गॅसवर गाडी चालवल्याने दर किलोमीटरला जे चार पैसे वाचतात, ते घरच्या तिजोरीत न जाता परस्पर या निधीत वर्ग होतात. मात्र नियतीने याचा सूड घेतलाच. सीएनजीच्या टाकीने डिकी खाल्ली. बारा इंची सबवूफरची पेटी ठेवायला जागाच उरली नाही, आणि त्यांना ड्रायव्हरच्या सीटखाली सरकवायचा चपटा, आठ इंची सब घ्यावा लागला, साडेपंधरा हजारांचा. तो 30 हर्ट्झपर्यंत उतरत नाही. हे सांगताना त्यांचा स्वतःचा आवाज मात्र बराच उतरतो.

खरेदी पुण्याच्या नाना पेठेत. तिथे वूफररावांना बघून दुकानदार नवा पोरगा पुढे करत नाहीत, स्वतः उठतात. आनंदाने नव्हे, खबरदारी म्हणून. कारण हे गिऱ्हाईक खोक्यावरचं वाचत नाही. खोक्यावर 3000 वॉट असं ठळक छापलेलं असतं, शेजारी ज्वाळा असतात. वूफरराव ॲम्प्लिफायर उलटा करतात आणि फ्यूज बघतात. "फ्यूज 25 अँपियरचा. इंजिन चालू असताना गाडीत व्होल्टेज 14 च्या आसपास. 25 गुणिले 14 म्हणजे साडेतीनशे. साडेतीनशे वॉट आत घेऊन हा तीन हजार बाहेर कुठून काढणार?" दुकानदार चहा मागवतो. ही तपासणी कुणीही करावी अशी आहे, फुकट आहे आणि वूफररावांच्या ज्ञानातली बहुधा एकमेव फुकट गोष्ट आहे. जुन्या टू-इन-वनवर पीएमपीओ या फुगवलेल्या मापातले हजारो वॉट वाचून ज्यांनी तो वाढदिवसाला मागून घेतला, त्या पिढीने हा गुणाकार तेव्हाच शिकायला हवा होता.

वायर विकत घ्यायची तर खिशातून नेलकटर निघतो. त्याच्या पात्याने तांबूस तारेचं टोक ते खरवडतात. आतून पांढरी निघाली की ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ती स्वस्त असते आणि तांब्याच्या मानाने वीज रडतखडत नेते. लाल निघाली तर शुद्ध तांबं, भाव अडीचपट, आणि वूफररावांच्या चेहऱ्यावर समाधान, की आता जास्त पैसे देता येतील.

बसवण्याच्या दिवशी ते रजा टाकतात. फिटर पोरगा दरवाज्याचं आतलं कव्हर प्लास्टिकच्या पट्टीने उचकटतो, कट्-कट् करत क्लिपा सुटतात, त्यातल्या दोन तुटतात, पोरगा म्हणतो, "टेन्शन नका घेऊ सर, माझ्याकडे आहेत." उरलेल्या क्लिपा तो ओठांत धरतो आणि म्हणून पुढचा तासभर वूफररावांच्या एकाही प्रश्नाला त्याला उत्तर द्यावं लागत नाही. शीट चिकटते, छोट्या रोलरने ती पत्र्याच्या प्रत्येक वळणात दाबली जाते. वूफरराव मोबाइलचा टॉर्च धरून फुगे शोधतात. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज बसला का? बसला. पॉवरची वायर गाडीच्या डाव्या अंगाने आणि सिग्नलची उजव्या अंगाने गेली का? गेली, नाहीतर ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून कुईं करून इंजिन रडतं. कंपनीची एकही वायर न कापता सगळं कपलरने जोडलं का? हा प्रश्न ते तीनदा विचारतात, कारण वायर कापली म्हणून वॉरंटी नाकारल्याच्या कथा त्यांना तोंडपाठ आहेत. पोरगा ओठांतल्या क्लिपांसकट मान डोलावतो.

संध्याकाळी शीटची बेरीज 88 हजारांवर गेलेली असते. गृहखात्याला कळवलेला आकडा 31.

वहिनी एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात आहेत, ही माहिती मी आधीच द्यायला हवी होती. त्यांनी लॅपटॉप उघडला, क्षणभर पाहिलं आणि एवढंच विचारलं, "सी नंतर एकदम ई कसा आला? डी लपवलाय का?"

अशा प्रसंगी सामान्य नवरा शरण जातो. वूफररावांनी इतिहास काढला. ब्लाउपुंक्ट या जर्मन कंपनीने 1932 साली युरोपातला पहिला कार रेडिओ काढला, ऑटोसुपर एएस 5. किंमत 465 राइशमार्क; त्या काळातल्या छोट्या गाडीच्या किमतीचा साधारण तिसरा हिस्सा. "आपली गाडी नऊ लाखांची," ते शांतपणे म्हणाले. "परंपरेप्रमाणे तीन लाखांपर्यंत जायला हरकत नव्हती. मी 88 वर थांबलो. म्हणजे घराचे 2 लाख 12 हजार वाचवले."

वहिनी म्हणाल्या, "मग ते कुठे आहेत, तेवढं सांगा."

पण खरा कलगीतुरा त्यानंतर झाला, डीएसपीवरून. डीएसपी हा साडेएकोणीस हजारांचा डबा आवाजाला शिस्त लावतो. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवा ट्वीटर त्याच्या कानापासून हातभर आणि डावा त्याच्याहून अर्धा मीटर लांब. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. तेव्हा डावीकडचा आवाज दीड मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि गायिका गाडीच्या मधोमध उभी न राहता उजव्या दाराला लगटून गाते. यावर उपाय असा, की उजव्या स्पीकरला दीड मिलिसेकंद थांबवून धरायचं. वूफररावांनी वहिनींच्या शिवणाच्या डब्यातली टेप आणली, डोकं सीटला टेकवून बसले आणि मुलीला प्रत्येक स्पीकरपासून आपल्या कानापर्यंतचं अंतर मोजायला लावलं. पुढे दोन तास लॅपटॉप. सोसायटीच्या सभेला हा माणूस पाऊण तास उशिरा येतो, तो इथे सेकंदाचा दीड हजारांश भाग सोडायला तयार नव्हता.

झालं, गायिका बरोबर मध्ये आली. डॅशबोर्डवरच्या गणपतीच्या जागी उभी राहून गायला लागली. वूफररावांचे डोळे पाणावले, हे मी स्वतः पाहिलं आहे, आणि थट्टा करायचं मनात आलं नाही. ते जमतं तेव्हा खरंच जमतं. काच, दरवाजा, डॅशबोर्ड सगळं नाहीसं होतं आणि समोर माणूस गातो.

वहिनी डावीकडच्या सीटवर होत्या. डावा स्पीकर त्यांच्या कानाच्या आधीच जवळ, त्यात लांबचा उजवा आता मुद्दाम उशिरा केलेला. त्या म्हणाल्या, "मला सगळं या हँडलमधून ऐकू येतंय."

"ती सीट ट्यून केलेली नाही," वूफरराव म्हणाले.

या वाक्यानंतर गाडी बंद करून सगळे वर गेले.

ट्यूनिंगनंतरचा महिना खडखडीचा. खर्ज आला की आतापर्यंत गप्प असलेला प्रत्येक सुटा भाग बोलायला लागतो: मागची नंबरप्लेट, ग्लोव्हबॉक्सचं झाकण, दाराच्या कप्प्यातलं टोलचं नाणं, फास्टॅगच्या आधीच्या काळातलं. गणपती 60 हर्ट्झला हलतो आणि 80 ला स्थिर होतो, हेही त्यांनी शोधून काढलं आणि खाली फोमचा तुकडा लावला. बोळे, फेल्टच्या पट्ट्या, दुहेरी टेप, सगळ्याच्या पावत्या शीटमध्ये. रात्री जेवण झालं की हा माणूस पार्किंगमध्ये जाऊन काचा वर करून बसतो. रस्त्यावर टायरचा आणि हॉर्नचा आवाज सूक्ष्म स्वर झाकून टाकतो, त्यामुळे गाडीतली सिस्टीम खरी ऐकायची ती गाडी उभी असताना. मे महिन्यात घामाघूम. इंजिन बंद, कारण इंजिनाचाही आवाज. सकाळी बॅटरी उतरलेली आणि वॉचमन जंपर केबल घेऊन तयार.

ते ऐकतात काय, हा प्रश्न मला बरेच दिवस होता. ईगल्स या अमेरिकी बँडच्या 1994 सालच्या मैफलीतलं 'हॉटेल कॅलिफोर्निया', पण फक्त सुरुवातीच्या ढोलाचे ठोके. 'सैराट'च्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमध्ये मोठा वाद्यवृंद बसवला होता. त्यामुळे 'याड लागलं', पण फक्त व्हायोलिनचे तुकडे. गायक तोंड उघडतो तिथे वूफरराव गाणं पुढे ढकलतात. शब्द विचारले तर सांगता येणार नाहीत.

मागच्या सीटवर त्यांचे वडील बसतात. तिथे स्पीकर नाहीत. वूफररावांनी काढून टाकले. "बाबा, मैफलीत कुणी गायकाकडे पाठ करून बसतं का? आवाज समोरूनच आला पाहिजे." बाबा निवृत्त मुख्याध्यापक, त्यांनी चार महिने ऐकून घेतलं, म्हणजे काहीच ऐकू न येता बसून राहिले. वहिनींनी मात्र तोवर डीएसपीची पुस्तिका वाचून काढली होती. त्यात मेमरीच्या अनेक जागा असतात. त्यांनी दुसऱ्या जागेवर आपल्या सीटचं ट्यूनिंग साठवून घेतलं. आता त्या गाडीत बसल्या की बटण दाबतात आणि गायिका वूफररावांच्या उजव्या कोपरातून गाते. तक्रार करायला त्यांना तोंड नाही.

दिवाळीच्या सुमारास बाबांनी पासबुक काढलं. मागे दोन स्पीकर बसवा, पैसे मी देतो, म्हणाले. अट एकच, गीतरामायण दोन्ही कानांना अगदी सारखं ऐकू यायला हवं, डावं-उजवं नको. त्यांच्याकडे 1955-56 मधल्या आकाशवाणी पुणे केंद्रावरच्या मूळ ध्वनिमुद्रणाची प्रत आहे. ते ध्वनिमुद्रण मोनो आहे, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून मुळातच एकच आवाज येतो. बाबा सीटच्या मधोमध बसले, तर पाचशे रुपयांचे स्पीकर लावले तरी त्यांची अट पुरी होते, डीएसपीही लागत नाही.

वूफररावांना हे पहिल्या मिनिटाला कळलं होतं. त्यांनी अतिशय गंभीर चेहऱ्याने नवी शीट उघडली, सगळ्यात वर 'बाबांकडून जमा' असं टाइप केलं आणि विचारलं, "बाबा, अंदाजे किती धरू?"