प्रकृतीसाठी एक बाटली

आमच्या कॉलनीचा बाजार म्हणजे एका ओळीतली दहा-बारा दुकानं. मेडिकल, पोळी-भाजी केंद्र, इस्त्रीवाला, पिठाची गिरणी आणि गिरणीला खेटून बिअर शॉपी. दळण टाकलं की पंधरा-वीस मिनिटं कुठेतरी काढावी लागतात. बाकीच्या बायका ती गिरणीच्या बाकावर काढतात, मी शॉपीत काढते. नाशकात राहून आणि माहेर निफाडचं असून यात लाजायचं काय, हे मला कधी कळलं नाही. लाजायचा तो शॉपीतला मुलगा.

"काकू, काकांना कुठली लागते?" त्याने सुरुवातीला विचारलं. काकांना काहीच लागत नाही, काकांना ॲसिडिटी आहे. "मग पाहुणे यायचेत का?" नाही. "केकमध्ये घालायला हवीये?" बिचारा एकेक निमित्त काउंटरवर मांडत होता आणि मी एकालाही हात लावत नव्हते. शेवटी त्याने हताश होऊन जुनं वर्तमानपत्र काढलं आणि बाटली अशी काही गुंडाळली, की आत बाटलीखेरीज दुसरं काही असूच शकत नाही हे लांबून कळावं.

निमित्ताशिवाय बाटली विकत घ्यायची आपल्याकडे रीतच नाही. सरकारचीसुद्धा नाही. १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात पिणाऱ्याला परवाना लागतो. विदेशी मद्याचा एका दिवसाचा पाच रुपयांना, वर्षाचा शंभरला आणि आजन्म हवा असेल तर हजाराला. आणि तो कशासाठी द्यायचा, तर प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी. म्हणजे शनिवारी रात्री गंगापूर रोडला जी गाड्यांची रांग लागते, ती कायद्याच्या दृष्टीने उपचार घ्यायला निघालेली असते. मी आजन्म परवाना काढून टाकला. जन्मभराचं स्वास्थ्य हजार रुपयांत दुसरं कोण देतंय? आमच्या मेडिक्लेमवाल्यांना विचारून पाहा.

वाइनचं निमित्त अर्थात शेतकरी. जानेवारी २०२२मध्ये मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटांत वाइन विकायला मान्यता दिली, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हेच, ती शेतकऱ्याच्या मालाला मिळालेली बाजारपेठ आहे, असं सत्ताधारी सांगू लागले. महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र होणार, असं विरोधक ओरडू लागले. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. एवढं होऊन तूरडाळीशेजारी वाइन काही आली नाही. काही महिन्यांत सरकारच बदललं आणि वाइन होती तिथेच राहिली, म्हणजे शॉपीच्या वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या कुशीत.

आमच्या माहेरी या वादाकडे कुणी फार लक्ष दिलं नाही. भावाने एकेकाळी मोठ्या हौसेने वाइनची द्राक्षं लावली होती. बारके मणी, जाड साल, आत बिया. आईने पहिला घड चाखला आणि म्हणाली, "ही खाणार कोण? प्यावीच लागतील." २००८नंतरच्या मंदीत बऱ्याच वायनऱ्या बसल्या, माल पडून राहिला आणि भावाने वेली उपटून परत थॉमसन लावली. शेतकऱ्याच्या नावाने घोट घेणाऱ्यांपैकी त्या वर्षी बांधावर कुणी फिरकलं नाही. त्यामुळे मी वाइन घेते ती चवीसाठी घेते. शेतकऱ्याचं काय ते भाऊबीजेला बघू.

आता त्या वरच्या फळीविषयी. शॉपीतल्या फ्रिजवर राज्य स्ट्राँग बिअरचं. रेड वाइन बाहेर का, तर ती 'रूम टेम्परेचर'ला प्यायची असते, हे सगळ्यांना पाठ. ते रूम युरोपातलं, जुन्या दगडी घरातलं, सोळा-अठरा अंशांचं. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. त्या तापमानाची शिराझ म्हणजे सर्दीवरचा काढाच. बिनधास्त अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी, कुणी फ्रेंच माणूस बघायला येत नाही.

याहून मोठा घोळ जुन्या वाइनचा. आमच्या नणंदेच्या यजमानांनी सोव्हिन्यॉन ब्लांची एक बाटली आठ वर्षं शोकेसमध्ये उभी ठेवली आहे, एका बाजूला तिरुपती, दुसऱ्या बाजूला मुलाची क्रिकेटची ढाल. "जितकी जुनी, तितकी भारी," असं ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात. आपल्याकडच्या पांढऱ्या वाइन बहुतेक वर्ष-दोन वर्षांत ताज्याच प्यायच्या असतात. पण त्यांना हे सांगायचं कुणी? मुलीच्या लग्नात ती फोडायचं ठरलं आहे. मुलगी नववीत आहे.

बाटलीबरोबर काय खावं, हेही लेबलावर लिहिलेलं असतं: चीज, पास्ता, ग्रिल्ड अमुक. नाशकात बसून मिसळीचं नाव नाही! म्हणून ते संशोधन मला करावं लागलं. काळ्या मसाल्याच्या रश्श्यावर कॅबरने घेतली तर तिचा तुरटपणा आणि मिरची यांची अशी जुंपते की मध्ये जिभेचा बळी जातो. आयपीए नावाची कडू बिअर तर तिखटाला आणखी चेतवते. हिच्या नावात इंडिया आहे, पण ती इंग्रजांनी केली आणि हिंदुस्थानातल्या इंग्रजांनीच प्यायली. मिसळीशी तिची ओळख करून द्यायला कुणाला सुचलं नसावं. जराशी गोडसर शेनँ ब्लां मात्र थंडगार करून घ्या, ती तिखटाची समजूत काढते. गव्हाची बेल्जियन पद्धतीची बिअरही चालते. तिच्यात धणे आणि संत्र्याची साल असते. हे वाचल्यावर आमच्या पोळीवाल्या मावशी म्हणाल्या, "म्हणजे अर्धं उटणं, अर्धा मसाला." जर्मनीत १५१६ साली बव्हेरियाच्या ड्यूकने बिअरमध्ये पाणी, बार्ली आणि हॉप्स यांखेरीज काही घालायचं नाही असा कायदा केला होता. मावशींचं आणि त्याचं जमलं असतं.

अलीकडे मात्र शॉपीतल्या मुलाचे कष्ट वाचले आहेत, कारण आता बाटल्याच आपापलं निमित्त घेऊन येतात. चिकूची वाइन आली आहे, आंब्याची आली आहे. जांभळाची आली, तेव्हा पहिल्या मजल्यावरचे निवृत्त तहसीलदार वर्तमानपत्र न गुंडाळता, लेबल बाहेर ठेवून ती घेऊन गेले. "शुगरला चांगलं असतं जांभूळ," ते जिन्यात भेटेल त्याला सांगत होते. ते गोळ्या घेतात हे सगळ्या इमारतीला माहीत आहे. गोळ्यांचं आणि वाइनचं कितपत जमतं, हे डॉक्टरांना विचारायला ते तयार नाहीत.

त्यावर कडी म्हणजे मीड. मधाची दारू. जगातल्या फार जुन्या मद्यांपैकी ही एक. पुण्यात २०१८मध्ये मूनशाइनवाल्यांची मिडरी सुरू झाली आणि आता त्या छोट्या बाटल्या आमच्या फ्रिजमध्येही स्ट्राँगच्या रांगेत अंग चोरून उभ्या असतात. सफरचंदाची मी आणली. हलकी, बुडबुड्यांची, वाटते त्यापेक्षा कमी गोड. पहिल्यांदाच चाखणाऱ्याने बिअर-वाइनच्या भानगडीत पडण्याआधी ही घ्यावी, असं माझं मत झालं आहे.

बाटली टेबलावर असतानाच समोरच्या आजी कोथिंबीर मागायला आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, सोमवार, चतुर्थी, एकादशी, सगळं कडक. त्यांनी चष्मा वर करून बाटली फिरवून पाहिली.

"हे गं काय?"

"मधाचं आहे, आजी."

"नुसता मध?"

"मध, पाणी आणि यीस्ट."

"यीस्ट म्हणजे?"

"दुधाला विरजण लावतो ना, तसंच काहीतरी. यात थोडं सफरचंदही आहे."

आजी विचारात पडल्या. मध उपवासाला चालतो. पाणी चालतं. सफरचंद तर चालतंच. विरजणालाही कुणी कधी हरकत घेतलेली नाही.

"मग एकादशीला चालेल की हे."

"आजी, आषाढीला दुकान बंद असतं. सरकारने ड्राय डे ठेवलाय."

"बरं मग," कोथिंबीर पदराखाली घेत आजी म्हणाल्या, "दशमीला आणून ठेव."