बालीला जाणाऱ्या जालनेकरांस सूचना

आमच्या जिल्ह्यात माणूस बालीला जात नाही, त्याला पाठवलं जातं. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये जालन्यात महिको काढली. तिच्यामागून बियाण्यांच्या कंपन्यांची रांग लागली. बियाणं आलं तिथे डीलर आला, आणि डीलर आला तिथे स्कीम आली. इतकी पाकिटं उचललीत तर मिक्सर, त्याच्या वर बँकॉक, त्याच्याही वर बाली. माझं कृषी सेवा केंद्र आहे. एका हंगामात कपाशीनं हात दिला, स्कीम बसली, आणि तेव्हापासून परदेशप्रवासाचा सल्लागार म्हणून माझी परस्पर नेमणूक झाली आहे. सल्ला फुकट असल्यामुळे काउंटरवर गर्दी असते. खताच्या उधारीचा विषय काढला की ती पांगते.

पहिला प्रश्न ठरलेला. "व्हिसाला किती लागतात, भाऊ?"

"पाच लाख."

माणूस चपला शोधायला लागतो. मग त्याला खाली बसवून सांगायचं की हे पाच लाख तिकडचे रुपिया, आपले पावणेतीन हजारांच्या आसपास. व्हिसा विमानतळावर उतरल्यावर मिळतो, तीस दिवस चालतो. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी आणि परतीचं तिकीट जवळ हवं. शिवाय 14 फेब्रुवारी 2024 पासून बाली प्रांत परदेशी पाहुण्याकडून दीड लाखाचा वेगळा कर घेतो, म्हणजे आपले आठशेक रुपये. आधीच ऑनलाइन भरलेला बरा.

एक लाखाची नोट लाल असते. तिच्यावर सुकार्नो आणि हत्ता शेजारी-शेजारी असतात, आणि किंमत आपल्या साडेपाचशेच्या आतबाहेर. अशा शंभर नोटा खिशात असल्या की माणूस कोट्यधीश होतो; चाल बदलते, फोटोत हात कमरेवर जातो. आमच्या सौ.नं बाजारात एका बाईशी अर्धा तास हुज्जत घालून पन्नास हजार कमी करून घेतले. आयुष्यात एवढी मोठी सूट तिला कुणी दिली नव्हती. हॉटेलवर आल्यावर मी हिशेब केला, तर पावणेतीनशेही भरेनात. हा हिशेब नवऱ्यानं मनातल्या मनात करावा, ही माझी सगळ्यात मोलाची सूचना.

आता मोसमाचं. जो तो सांगतो की एप्रिल ते सप्टेंबर कोरडा काळ, तेव्हा जा. ऑक्टोबरनंतर पावसात जाऊ नका. सांगणाऱ्याला बियाण्याचं दुकान नसतं. जून-जुलैत पेरणी सोडून डीलर बालीला गेला, तर परत आल्यावर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात दिसेल. त्यामुळे कंपन्या आम्हाला नेतात ते जानेवारीत, धो धो पावसात. टूर मॅनेजर रोज सकाळी हात जोडून दिलगिरी व्यक्त करायचा. शेवटी घनसावंगीकडचा एक डीलर वैतागून म्हणाला, "माफी कशाची मागता साहेब? पडू द्या की. आमच्याकडं आभाळ बघून मान दुखते." वर्षभरात सातशे मिलिमीटरही न बघणारी ही मंडळी छत्र्या मिटून पोर्चमध्ये उभी होती आणि गावाकडे व्हिडिओ कॉल लावून पाऊस दाखवत होती. फक्त घड्याळ तिथं अडीच तास पुढे असतं, हे ध्यानात ठेवा. घरच्यांना भल्या पहाटे उठवलंत तर पावसाचं कौतुक होत नाही.

जेवणात मिरचीच्या सांबलमध्येही कोळंबीची पेस्ट असू शकते, तेव्हा माळकऱ्यांनी विचारून खावं. पण टेंपे मात्र जरूर खा. शिजवलेल्या सोयाबीनला बुरशी लावून मुरवतात. पांढरी घट्ट वडी होते, दाणे तसेच्या तसे दिसतात. कापून तळली की बाहेरून कुरकुरीत, आत मऊ. आमचे निम्मे लोक सोयाबीन पेरणारे. "भावाचं काय?" हेच त्यांना ठाऊक, ते ताटातही येतं हे तिथं कळलं.

माकडांबद्दल थोडक्यात. समर्थांच्या जांब गावचा जिल्हा असल्यानं आमचा माणूस वानर दिसला की हात जोडतो. उलुवाटूच्या देवळापाशी हात जोडेपर्यंत माकड चष्मा काढून घेतं. फळ दिलं तर कधी कधी परत करतं. गळ्यातली माळ आत टाका.

जतिलुविहची भातखाचरं बघाच. तिथली सुबक ही पाणीवाटपाची रीत शेकडो वर्षांची, 2012 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. वरचे-खालचे शेतकरी पाण्याच्या देवळात एकत्र बसतात आणि कुणाला कधी पाणी, कुणी कधी लावणी करायची, ते ठरवतात. गाइड सांगत होता आणि आमच्या घोळक्यात चिडीचूप शांतता. सगळे जायकवाडीच्या डाव्या कालव्याकडचे.

"वरचे पाणी सोडतात?" एकानं विचारलं.

"सोडतात."

"कोर्टात न जाता?"

गाइडला प्रश्नच कळला नाही. वरच्या नाशिक-नगरशी आमचं पाण्याचं भांडण त्याला कुठून माहीत असणार?

शेवटचं, तारखेचं. बालीकरांचं वर्षही शकाचंच, आपल्या शालिवाहनाचंच म्हणा ना. त्यांच्या नव्या वर्षाचा दिवस न्येपी, पाडव्याच्या आसपास येतो. 2023 मध्ये तर दोन्ही 22 मार्चलाच आले. त्या दिवशी विमानतळ बंद, रस्ते बंद, दिवे बंद. घराबाहेर पडायचं नाही, आवाज करायचा नाही. पाहुण्यांनाही हॉटेलातच बसावं लागतं, तेव्हा त्या तारखेचं तिकीट काढू नका. हे ऐकून काउंटरवरचे सगळे हळहळले. मला मात्र त्यात नवल वाटलं नाही. मार्चअखेरीला मी वसुलीला निघालो की आमच्या अर्ध्या तालुक्यात हाच सण पाळतात.