डी.ओ. म्हणजे नेमकं काय

आमच्या गल्लीत नळाला पाणी येण्याचा दिवस हा सणच असतो. त्यामुळं भाचीचा न्यूजर्सीहून फोन आला तेव्हा माझ्या एका हातात पाइप होता, पायाशी भरत आलेला ड्रम होता आणि हौदावरून आईचं दिग्दर्शन चालू होतं.

"मामा, मला दोन डी.ओ. स्कूल्समध्ये ॲडमिशन मिळाली. कुठली घेऊ, सांग."

चौतीस वर्षं सरकारी कचेरीत काढल्यामुळं 'डी.ओ.' म्हटलं की माझी पाठ आपोआप ताठ होते. डी.ओ. म्हणजे अर्धशासकीय पत्र. साधी स्मरणपत्रं एक, दोन, तीन करत फायलीत विसावली, की साहेब समोरच्या साहेबाला नावानिशी डी.ओ. लिहायचे. पोरगी अमेरिकेत जन्मून शेवटी अर्धशासकीय डॉक्टर होणार, हे ऐकून मला भरून आलं. तेवढ्यात ड्रमही भरला.

घाटी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या शेजारच्या सिस्टर कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी भिंतीवरूनच दुरुस्ती केली. "अहो, डी.ओ. म्हणजे डोळ्यांचा डिप्लोमा. मोतीबिंदूवाले." दुपारपर्यंत गल्लीत बातमी पसरली, की भाची डोळ्यांची डॉक्टर होणार. दोघांनी तर चष्म्याचे नंबरही कळवून ठेवले.

खरी भानगड संध्याकाळी भाचीनं उलगडून सांगितली. अँड्र्यू टेलर स्टिल नावाचे एक अमेरिकन डॉक्टर होते. 1864 साली मेंदूज्वरानं त्यांची तीन मुलं गेली. स्वतः वैद्य असूनही काही करता आलं नाही, म्हणून त्या काळच्या औषधांवरून त्यांचं मन उडालं. हाडं, स्नायू, सांधे नीट हाताळले तर शरीर स्वतःला सावरतं, असं त्यांनी 1874 मध्ये जाहीर केलं आणि 1892 साली मिझुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल या गावी शाळा काढली. पहिल्याच तुकडीत बायकांनाही घेतलं. त्यांच्या या ऑस्टिओपॅथी पंथाचे आजचे अमेरिकन डी.ओ. मात्र पूर्ण डॉक्टर असतात. औषधं लिहितात, ऑपरेशनं करतात, वर पाठीच्या मणक्यांवर हात चालवायची विद्या जास्तीची शिकतात.

"म्हणजे हड्डीवाले पहलवान!" मी म्हणालो. आमच्या शहरात हात निखळला की निम्मं गाव आधी पहलवानाकडं जातं आणि मग घाटीत.

"मामा, नाही!" ती ओरडली. या पंथाला दीडशे वर्षं हेच ओरडावं लागलं असणार. 1962 साली तर कॅलिफोर्नियात डी.ओ. मंडळींना 65 डॉलर भरून एम.डी. ही पदवी लावून घेता आली. माणूस तोच, हात तेच, पाटी नवी. मला यात नवल वाटलं नाही. आमच्या शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, तरी रिक्षावाल्याला 'शासकीय वैद्यकीय महाविद्यालय' म्हटलं तर तो आजही विचारतो, "घाटी बोलो ना, कायकू घुमाके बोलते?"

आता प्रश्न दोन शाळांचा. एक कर्क्सव्हिलची, म्हणजे मूळपीठ. दुसरी फिलाडेल्फियाची, 1899 सालची. पहिलं गाव वीस हजारांच्या आतलं, दुसरं महानगर. फी दोन्हीकडं वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या पुढं, त्यामुळं त्या बाबतीत निवड करायला वाव नव्हता.

मराठवाड्याला हा पेच नवा नाही. आमच्या वेळी मेडिकलला जाणाऱ्यांपुढं तो 'घाटी की अंबाजोगाई' असा असायचा. फरक इतकाच, की तो आपण सोडवायचा नसायचा. नोटीस बोर्डावरची यादी सोडवायची आणि एसटी पोचवायची. माझ्या एका मित्राचा घाटीचा नंबर दोन मार्कांनी हुकला. वळकटी घेऊन बीडमार्गे अंबाजोगाईला गेला आणि पहिल्याच शनिवारी रडत परत आला. पुढं तिथं असा रमला, की दिवाळीलाही त्याला बोलवायला माणूस पाठवावा लागे. मी भाचीला म्हणालो, "कर्क्सव्हिल म्हणजे तुमचं अंबाजोगाई. आमचे आद्यकवी मुकुंदराज अंबाजोगाईला, तुमचे आद्य डी.ओ. कर्क्सव्हिलला."

"मुकुंदराज कोणत्या स्पेशालिटीत होते?" तिनं विचारलं. मी विषय बदलला.

त्या मित्रालाच फोन लावला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मणके दोन्हीकडं तेहेतीसच असतात. कुठंही घाल." सौ.चं मत फिलाडेल्फिया, कारण तिथं आपल्या माणसांचा गणपती बसत असेल. सिस्टर म्हणाल्या, मेसचं जेवण कुठं बरं ते बघा. मी स्वतः दोन रकाने आखून गुणदोषांचा तक्ता केला, त्यावर 'सादर' असं लिहिलं आणि सवयीनं तो उशीखाली प्रलंबित ठेवला.

रात्री पडल्या पडल्या मागचा डिसेंबर आठवला. लग्नासाठी ती इथं आली होती आणि माझी उजवी कंबर धरली होती. तोवर मी दोन ठिकाणी दाखवलं होतं. दोन्हीकडं माझ्यापेक्षा फोटोकडंच जास्त बघितलं गेलं. या पोरीनं मला दिवाणावर बसवलं, कमरेवर तळहात ठेवला आणि काहीच न बोलता थांबली. मग हात खाली सरकला आणि मागच्या खिशावर अडला. "मामा, हे काय आहे?" पाकीट होतं. दोन बोटं जाड. तिनं एकेक ऐवज दिवाणावर मांडला: आधारची झेरॉक्स चार प्रती, लाइटबिलाच्या पावत्या, संस्थान गणपतीचा अंगारा, बंद पडलेल्या पतपेढीचं पासबुक, किल्लीविना उरलेला बिल्ला. पैसे वीस रुपये. "तू रोज या डोंगरावर एका बाजूनं बसतोस," ती म्हणाली. पाकीट पुढच्या खिशात गेलं आणि पंधरा दिवसांत कंबर सरळ झाली.

तेव्हा मला उमगलं, की मी पहिल्यांदा लावलेला अर्थच बरोबर होता. डी.ओ. पत्राचा साहेब तोच, अधिकार तेवढाच. फक्त वर 'विषय' आणि 'संदर्भ' यांच्याआधी माणसाचं नाव असतं. साध्या पत्राला उत्तर न देणारी कचेरी त्या नावापुढं हलते. आमची कंबरही कचेरीच की.

दुसऱ्या दिवशी हे सगळं भाचीला ऐकवणार होतो, पण तिनंच आधी सांगितलं, "मामा, कर्क्सव्हिल ठरलं. तिथं घरभाडं कमी आहे."

मुकुंदराज, गणपती, तक्ता, सगळं नस्तीबंद झालं. मी फोन आईकडं दिला. तिनं तो कानाला न लावता तोंडासमोर आरशासारखा धरला आणि आम्हां कुणालाच न सुचलेला प्रश्न विचारला.

"तिथं नळाला पाणी किती दिवसांनी येतं गं?"

"चोवीस तास असतं, आजी."

"आणि त्या दुसऱ्या गावी?"

"तिथंपण."

आईनं फोन माझ्या हातात परत दिला. "दोन्हीकडं चोवीस तास पाणी," ती म्हणाली, "मग दोन दिवस निवडत काय बसला होतात?"