वस्तीची गाडी

हॉटेलात खोली मिळत असताना गाडीत झोपणारा माणूस हल्ली प्रत्येक सोसायटीत एकतरी सापडतो. आमच्याकडचे दादा पन्नाशी ओलांडलेले, ऑडिट खात्यातले, चारचौघांत कमी बोलणारे. मात्र 'परवा गाडीत झोप कशी लागली?' एवढं कुणी विचारलं की विचारणाऱ्याची झोप उडेपर्यंत थांबत नाहीत. सोसायटीतली पोरं त्यांना माघारी 'वस्तीची गाडी' म्हणतात.

गाडी घेताना इतर लोक ॲव्हरेज विचारतात, दादा लांबी विचारतात. शोरूममध्ये त्यांनी आधी मागची सीट पाडायला लावली, पुढच्या सीटा पुढे सरकवायला लावल्या, बूट काढले आणि आत आडवे झाले. विक्रेता बिचारा किल्ली हातात घेऊन म्हणाला, "सर, टेस्ट ड्राइव्ह घेणार ना?" दादा डोळे मिटूनच म्हणाले, "तीच चाललीय."

गाडी दारात आली आणि खऱ्या कामाला हात लागला. पाडलेली सीट कधीही सपाट होत नाही. डिकीपाशी एक पायरी राहते आणि डोक्याकडे चढ. ही पायरी बुजवायला दादांनी सुताराकडून प्लायची फळी करून घेतली. मग वर्तमानपत्रं जोडून, चाकांच्या कमानींसकट आतल्या जागेचा साचा कापला आणि तो घेऊन गादीवाल्याकडे गेले. त्याने साचा उलटसुलट करून पाहिला आणि हलक्या आवाजात विचारलं, "पेशंट नेमका झोपतो कसा?" पेशंट कोनातून कोनात, म्हणजे कर्णरेषेत झोपतो. पाच फूट दहा इंचांचा माणूस त्या जागेत सरळ मावत नाही. उरलेल्या दोन त्रिकोणांत वहिनींनी आपापलं बघायचं.

"सीटच उपटून टाका की," असं कुणी सुचवलं तर दादा मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काढतात. नोंदणीत आहे त्या रचनेत मनाने फेरफार करता येत नाहीत. त्यामुळे त्यांचा सगळा संसार बिनखिळ्यांचा आहे: लोहचुंबकाने खिडकीला चिकटणारी मच्छरदाणी, काचांच्या मापाचे चंदेरी पडदे, पॉवर बँकेवरचा पंखा आणि तुटलेल्या काठीचा केलेला टॉवेल-दांडा. वहिनींनी एकदा हिशेब मांडला, "पंधराशेची खोली वाचवायला तुम्ही आजवर किती घातलेत?" दादा म्हणाले, "तो भांडवली खर्च. मुक्कामाच्या खर्चात धरायचा नसतो."

दुपारचे चार वाजले की दादांचं निसर्गसौंदर्याकडे लक्ष नसतं. जागा शोधणं सुरू होतं. घाटात थांबायचं नाही, दरड सांगून येत नाही. वाळूवर गाडी उतरवायची नाही; कोकणात भरतीच्या पाण्याने गाडी रुतली की सगळं गाव बघायला येतं. नारळाखाली तर नाहीच. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांब असला तरी त्याच्या कडेला अंग टाकायला एक फूटही उपयोगाचा नाही, तिथे कडेला थांबणं म्हणजे मागून येणाऱ्याला आमंत्रण. मग उरतो पेट्रोल पंप किंवा एखाद्या देवस्थानाचं भक्तनिवास. तिथे दिवा, पाणी, शौचालय आणि रखवालदार एवढं सगळं असतं. भक्तनिवासात खोल्याही असतात, पण ते दादांना सांगून उपयोग नसतो.

जागा ठरली की पाणसळ बाहेर येते. गवंडी लादी बसवताना वापरतो तीच. दादा ती गादीवर ठेवतात आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत कुणाला आत येऊ देत नाहीत. वहिनी अंधारात टॉर्च घेऊन दगड शोधतात. "हा जाड झाला. जरा चपटा बघ." चपटा दगड मागच्या डाव्या चाकाखाली जातो, गाडी चार बोटं पुढे येते, बुडबुडा डावीकडे पळतो. "आता थोडी मागे." शेजारच्या ट्रकचा क्लीनर तोंडात ब्रश धरून हे सगळं बघत असतो. अर्ध्या तासाने बुडबुडा जागेवर येतो तेव्हा दादा सासरच्यांना नमस्कार करावा तसे वाकून मागे सरतात आणि जाहीर करतात, "डोकं ड्रायव्हरच्या बाजूला."

मग काचा. समोरासमोरच्या नव्हेत, तिरक्या दोन काचा दोन-दोन बोटं उघड्या. दोन माणसांच्या रात्रभराच्या श्वासातून वाटीभर पाणी बाहेर पडतं. हवा खेळली नाही तर तेच थंड काचेवर जमून पहाटे कपाळावर ठिबकतं. इंजिन चालू ठेवून एसीत झोपायला मात्र सक्त मनाई. उभ्या गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला तर त्याला रंग नसतो, वास नसतो आणि झोपलेल्याला तो जागं व्हायची सवड देत नाही. या एका मुद्द्यावर दादा चेष्टा खपवून घेत नाहीत, आणि ते रास्तच आहे.

एवढं झाल्यावर दादा किल्लीने गाडी आतून बंद करतात. मध्यरात्री वहिनींना बाहेर जायचं असतं. त्या आतून दार उघडतात आणि गाडी चोर शिरल्यासारखी बोंबलू लागते. रखवालदार काठी घेऊन धावतो, क्लीनर उठून बसतो, आणि पायजम्यातले दादा किल्ली शोधत सगळ्यांना सांगत असतात, "सिस्टीम अगदी व्यवस्थित आहे."

मालवणकडच्या एका गावात एसटीच्या थांब्याजवळ त्यांनी असाच संसार मांडला होता. तेवढ्यात खरी वस्तीची गाडी आली. चालक-वाहकांनी नळावर हातपाय धुतले, डबे उघडले, खाल्लं. वाहकाने मागच्या लांब सीटवर सतरंजी टाकली, तोंडावरून चादर ओढली आणि दादांची दुसरी मच्छरदाणी चिकटायच्या आत घोरायला लागला. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी सुटली; त्यानंतर मुक्कामाच्या गावी किती जणांनी अशा रात्री काढल्या असतील, त्यात पाणसळ कुणाकडेही नसणार. दादा बराच वेळ बसकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पाठीचा त्रास असणार त्याला. अजून कळलेलं नाही."

शेजारच्या घरातले आजोबा कंदील नव्हे, मोबाइलचा उजेड पाडत आले. "गाडयेत कित्याक निजतास? पडवी मोकळी आसा." दादांनी त्यांना गादीचा फोम, हवेची दिशा आणि पडद्यांचा उपयोग समजावला. आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि काळजीने विचारलं, "मगे तुमच्या घराक काय झाला?"

घराला काहीच झालेलं नाही. तीन खोल्यांचं आहे, हवेशीर आहे. फक्त तिथल्या पंख्याचा वेग वहिनींच्या सर्दीवर ठरतो, खिडकी आईंच्या सांध्यांवर, दिवा मुलीच्या अभ्यासावर. पलंग लग्नातला, त्याची दिशा सासऱ्यांनी ठरवलेली. दादांचं मत कशातच विचारलं जात नाही. गाडीच्या त्या एवढ्याशा जागेत मात्र त्यांच्या परवानगीवाचून डासही आत येत नाही. तिथे ते झोपायला जातातच कुठे? बंदोबस्ताला जातात. रात्रभर पंखा तपासतात, काच अर्धं बोट खाली करतात, बुडबुडा हलला का बघतात. वहिनी आपल्या त्रिकोणात गाढ झोपलेल्या असतात.

गेल्या वैशाखात भाचीच्या लग्नाला सगळे सांगलीला गेले. कार्यालयात पुरुषांना एक हॉल, भाड्याच्या गाद्या, डोक्यावर न विझणारी ट्यूबलाइट. दादा साळसूदपणे गाडीत गेले. रात्री एकच्या सुमाराला काच वाजली. बाहेर वहिनींचे थोरले मामा, कंबरेवर हात ठेवून. "जावईबापू, तिथे एक जण करवत चालवतोय. इथे जमेल का?"

थोरल्या मामांना नाही म्हणायची सोय कुठल्याच कलमात नाही. दादांनी त्यांना आत घेतलं, काचा, पंखा आणि दाराबद्दल सविस्तर सूचना दिल्या आणि स्वतः हॉलमध्ये जाऊन मिळेल तिथे आडवे झाले. गादीत गाठी होत्या, उशी नव्हतीच, सदऱ्याची वळकटी केली. सकाळी चहावाला किटली घेऊन त्यांना दोनदा ओलांडून गेला, सनईवाल्याने सूर लावून पाहिले, शेवटी वहिनींनीच येऊन हलवलं.

"किती घोरत होतात!"

"शक्य नाही. गाडीत मी कधी घोरत नाही."

"गाडीत तुम्ही झोपता कधी?"

दादा उत्तर देणार होते, पण तेवढ्यात मामा दात घासत आले. "जावईबापू, झक्क झोप लागली हो! फक्त पहाटे पायाशी जरा गार लागलं."

दादांच्या चेहऱ्यावर तरतरी आली. सदऱ्याच्या वळकटीतून त्यांनी मोजपट्टी काढली.

"कुठल्या पायाशी? डाव्या की उजव्या?"