परीक्षकांनो, भिंग घेऊन या

दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची राख हा खानदेशातल्या विज्ञान-अभियांत्रिकीच्या पोरांसाठी हुकमी विषय आहे. आपल्या कोळशात सुमारे तीस ते चाळीस टक्के राखच असते. वीज तारेवरून निघून जाते, राख इथेच राहते. 1999 पासून केंद्र सरकार तिच्यावर अधिसूचना काढतंय. 2021 च्या अधिसूचनेनं तर सगळीच्या सगळी राख वापरात आणा, असं बजावलं. म्हणजे विषय महत्त्वाचा, कच्चा माल हाताशी आणि वेल्हाळ्याचा राखेचा तलाव मोटारसायकलच्या टप्प्यात. पोरं राखेच्या विटा पाडतात, मशिनखाली दाबून फोडतात, आकडे मिळवतात. इथपर्यंत उत्तम चाललेलं असतं. मग पोस्टर करायची वेळ येते आणि सगळ्या कामाची राख होते.

राज्यातल्या विद्यापीठांची 'आविष्कार' संशोधन स्पर्धा 2006 पासून चालू आहे. कॉलेज, जिल्हा, विद्यापीठ आणि मग राज्य अशा तिच्या पायऱ्या. हॉलमध्ये पोस्टरांच्या रांगा लागतात आणि परीक्षक फिरत येतात. एकेका पोस्टरसमोर ते काही मिनिटंच थांबणार, पुढे अख्खी रांग बाकी असते. तेवढ्यात त्यांना दिसतं काय? वरच्या पट्टीत दोन लोगो. त्याखाली शिक्षण प्रसारक मंडळाचं लांबलचक नाव, मग कॉलेजचं, मग मार्गदर्शकांचं, पदव्यांसकट. या सगळ्यातून जागा उरलीच तर शीर्षक: 'औष्णिक वीज केंद्रातील राखेपासून निर्मित विटांच्या दाबसहन क्षमतेचा चिकित्सक अभ्यास'. अभ्यास केला हे कळलं. वीट टिकली का, ते मात्र उजव्या कोपऱ्यात, तळाशी, परीक्षकांच्या गुडघ्यापाशी लिहिलेलं असतं. मधल्या जागेत प्रस्तावना, उद्दिष्टं, गृहीतकं, साहित्याचा आढावा, सगळं प्रबंधातून उचलून चौदा पॉइंटात डकवलेलं. तोंडी लावायला एक्सेलचा त्रिमितीय पाय-चार्ट, ज्यात कुठला तुकडा मोठा आहे ते कुणाला कळू नये अशी चोख व्यवस्था.

आता गंमत बघा. हे पोस्टर जिथे छापलं जातं, त्याच दुकानात, त्याच मशिनवर भाऊंच्या वाढदिवसाचं फ्लेक्सही छापलं जातं. भाऊंचं फ्लेक्स चालत्या गाडीवरून वाचता येतं. वाढदिवस कुणाचा, आणि भाऊ येत्या निवडणुकीत कुठून उभे राहू बघताहेत, हे चौकातल्या प्रत्येकाला एका नजरेत समजतं. शुभेच्छुकांची गर्दी आहे, पण ती खाली, छोट्या चौकोनांत. मुख्य गोष्ट मोठी आणि किरकोळ गोष्ट लहान, एवढं फ्लेक्सवाल्याला कळतं. आपल्याकडे शुभेच्छुक वर आणि निष्कर्ष खाली.

2019 मध्ये माइक मॉरिसन या अमेरिकेतल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यानं हेच दुखणं ओळखून पोस्टरचा नवा साचा मांडला. मधोमध मोठ्या अक्षरांत निष्कर्षाचं एकच वाक्य, तेही साध्या भाषेत. तपशील बाजूच्या पट्ट्यांत, आणि ज्याला सविस्तर हवं त्याच्यासाठी क्यूआर कोड. जगभर त्याची चर्चा झाली. नुसती घोषणा उरते, पुरावा दिसत नाही, अशी टीकाही झाली, आणि ती अगदी खोटी नाही. विटा किती, कुठल्या मिश्रणाच्या, किती दिवस पाणी मारलं, हे पोस्टरवर हवंच. पण निकाल कळल्यावर.

आपल्या देवनागरीच्या अडचणी वेगळ्या. वर मात्रा, खाली उकार, म्हणून त्याच पॉइंटात आपलं अक्षर इंग्रजीपेक्षा बारीक दिसतं. इंग्रजीत मजकूर चोवीस पॉइंटाच्या खाली नेऊ नये म्हणतात, आपण त्याहून मोठाच ठेवावा आणि दोन ओळींत मोकळी जागा सोडावी. जुना फॉन्ट असला की दुकानातल्या कोरल ड्रॉमध्ये फाईल उघडताच जोडाक्षरं फुटतात आणि 'दाबसहन क्षमता' कुठल्या तरी तिसऱ्याच लिपीत जाते. म्हणून युनिकोडमध्ये करा आणि दुकानात पीडीएफच द्या. विटेचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर मीटरभर पोस्टरवर चौकोनी ठिपकेच छापून येतील.

पण हा सगळा दोष पोरांचा म्हणून सोडून देता येणार नाही. पोरगं मजकूर कमी करून आणतं, तेव्हा "उद्दिष्टं कुठे गेली? परीक्षकांनी विचारलं तर?" असं म्हणणारे आपले सरच असतात. परीक्षकांच्या धाकानं पोस्टर फुगवायचं, आणि ते फुगलं म्हणून परीक्षकांनी वाचायचं नाही! दुसरं कारण कुणी उघड बोलत नाही. मधोमध मोठ्या अक्षरांत छापावं असं वाक्यच कित्येक संशोधनांतून निघालेलं नसतं. बारीक अक्षरांची गर्दी ते झाकायला फार सोयीची पडते.

आपलं विद्यापीठ 2018 पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावानं ओळखलं जातं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि त्यांच्या ओळी अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहेत. नाव त्यांचं लावतो, तर निदान थोडक्यात सांगण्याचा गुण तरी घ्यावा.

तेव्हा सर, मॅडम, एवढं करा. शीर्षकातच उत्तर द्या: 'राखेची वीट लाल विटेइतका भार पेलते', किंवा पेलत नसेल तर 'पेलत नाही'. तोही निष्कर्षच आहे. पदव्या खाली घ्या. छापण्याआधी पोस्टर एका ए-फोर कागदावर काढा आणि ज्याचा विषय नाही अशा माणसाच्या हातात द्या. काय सापडलं हे त्याला अर्ध्या मिनिटात सांगता आलं नाही, तर फ्लेक्सचे पैसे वाचवा आणि पोस्टर पुन्हा करायला बसा.