अठ्ठेचाळीस व्होल्टचा मामा

आमच्या मामाचं गाणं अजून कोणी धड ऐकलेलं नाही. पण ते कशावर रेकॉर्ड करू नये, हे अर्ध्या सदाशिव पेठेला पाठ आहे.

बँकेतून निवृत्त झाला त्या संध्याकाळीच मामाने जाहीर केलं, की आता घरच्या कॉम्प्युटरवर आपली बारा भावगीतं ध्वनिमुद्रित करायची. बजेट पाच हजार. "पाचाच्या वर एक रुपया नाही," हे तो ज्या आवाजात म्हणाला, त्याच आवाजात त्याने बत्तीस वर्षं लोकांचे कर्जाचे अर्ज परत पाठवले होते. पुढची तीन वर्षं ते पाच हजार जागचे हलले नाहीत.

त्या तीन वर्षांत हलली ती वही. कडक पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची. डाव्या पानावर माइक, उजव्या पानावर त्याची दुखणी: 'हिस येतो', 'स्टँड डुगडुगतो', 'केबलचे वेगळे पैसे'. माणसं घ्यायच्या वस्तूचे गुण बघतात, मामा दोष टिपतो. आजोबांनी मुलींसाठी स्थळं बघताना अशीच वही घातली होती म्हणतात. माझ्या आईचं लग्न उशिराच झालं.

नुसता माइक घ्यायचा असता, तर गोष्ट एका शनिवारी आटोपली असती. पण कॉम्प्युटरच्या मागच्या गुलाबी भोकात माइक खुपसला, की गाण्याखाली बारीक घुंई लागून राहते, म्हणून ऑडिओ इंटरफेस हवा. इंटरफेस म्हटला की तीन पिनांची एक्सएलआर केबल आली. मग स्टँड. मग 'प' आणि 'भ'चा फुत्कार अडवायला पॉप फिल्टर. मग कान पूर्ण झाकणारा हेडफोन, कारण उघड्या हेडफोनातून तबला गळतो आणि परत माइकात शिरतो. साध्या मुंजीची यादी करायला बसावं आणि लग्नाचा हॉल बुक करून उठावं, तसं झालं.

त्यात मूळ वाद कंडेन्सर की डायनॅमिक, हा. मामाइतकं सोपं करून तो कोणी सांगत नाही. "कंडेन्सर म्हणजे आपल्या वाड्यातल्या खालच्या आत्या. दिंडीदरवाज्यात कोण काय कुजबुजलं, तेही त्यांना ऐकू यायचं. डायनॅमिक म्हणजे पेपर वाचणारे आपले अण्णा. तोंडापाशी जाऊन बोललं तर ऐकणार; मागे आभाळ कोसळलं तरी पान उलटणार." मामाची खिडकी रस्त्यावर. खाली बस गियर बदलते, भंगारवाला ओरडतो. अशा घरात अण्णाच हवेत, हे शेंबड्या पोरालाही कळावं. पण मामाचा जीव आत्यांवर. "बारकावे, अरे! बारकावे आले पाहिजेत."

शिवाय कंडेन्सरला इंटरफेसमधून ४८ व्होल्ट द्यावे लागतात. त्याला म्हणतात फँटम पॉवर.

"म्हणजे भूतच ना?" मामीने विचारलं.

"अगं, वेगळी तार नसते. आवाज ज्या तारांनी येतो, त्याच तारांनी वीज उलटी जाते. दिसत नाही, म्हणून फँटम."

"अहो, वास्तुशांत केलेलं घर आहे. दिसेल अशी वीज वापरा."

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मामा तपकीर गल्लीत जाई. त्याला लांबून येताना बघूनच दुकानदार विचारी, "काका, आज कुठला नाही घ्यायचा?" त्याने एकदा शुअरचा एसएम ५८ पुढे केला. मामा म्हणाला, "हा १९६६ पासून चालत आलाय. माझ्या मुंजीच्या आधीचं मॉडेल!" दुकानदार म्हणाला, "म्हणून तर घ्या." मामाने उजव्या पानावर लिहिलं: 'जुना'.

न घेतलेल्या वस्तूंची किंमत मात्र तो शेवटच्या पानावर जमेच्या बाजूला मांडी. एके दिवशी अभिमानाने म्हणाला, "आत्तापर्यंत एकेचाळीस हजार वाचवले."

न राहवून मी म्हटलं, "मामा, १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान भोंग्यात तोंड घालून गायल्या. माइक नाही, वीज नाही, तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं. तरी ते गाणं आजही ऐकता येतं."

मामा शांतपणे म्हणाला, "त्यांना पर्याय नव्हते रे. म्हणून गायल्या."

मधल्या काळात त्याने फुकटातली खोली साधायचं ठरवलं आणि बेकरीतून अंड्यांचे रिकामे ट्रे आणले, एकदम साठ. आयुष्यभर शाकाहारी राहिलेल्या माणसाला छातीशी साठ ट्रे धरून जिना चढताना सगळ्या इमारतीने पाहिलं. ट्रेंनी बसचा आवाज तसूभरही अडला नाही. आवाज अडवायला भिंतीला वजन लागतं, आणि घुमणं कमी करायला जाड कापड. पुठ्ठ्यात दोन्ही नाही. ट्रे रद्दीत गेले. पण जोशीकाकूंनी श्रावणात फराळाला बोलावणं बंद केलं ते केलंच.

शेवटी मामीने वही माझ्या हातात दिली. "यातलं सगळ्यांत कमी दोषांचं जे असेल ते घेऊन ये. वरचे पैसे माझ्या भिशीतले." मी मोजलं. अण्णा जिंकले. मोठमोठ्या माइकांपुढे दोषांची दोन-दोन पानं होती, साध्या डायनॅमिकपुढे फक्त 'जुना'.

मे महिन्यातला रविवार ठरला. पंखा बंद. कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट उघडं टाकून त्यावर रजई सोडली. माइक तोंडापासून एक वीत. जोरात गायलं तरी आवाजाचा काटा वजा बारा डेसिबलच्या आसपास राहील, इतकाच गेन. सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, म्हणजे फुकट. त्यावर मामा प्रथमच निर्दोष हसला. पहिल्या ओळीलाच तो थांबला. हेडफोनमध्ये त्याचा आवाज त्याच्याच मागून येत होता; सम येईतो तबला पुढे निघून गेलेला. आवाज थोडा साठवून मग पुढे सोडणारा बफर १०२४ सॅम्पलवर होता, म्हणजे नुसत्या तेवढ्यानेच सेकंदाचा त्रेचाळिसावा भाग उशीर. तो १२८ वर आणला. मामाने घाम पुसला आणि डोळे मिटून अख्खं गाणं म्हटलं.

मग आम्ही ऐकलं. खोलीत कोणी बोलेना. गाताना आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून भरदार वाटतो. माइकला फक्त हवेतला मिळतो. मामा त्या हवेतल्या माणसाकडे, अनोळखी पाहुणा दारात उभा असावा तसा बघत राहिला. तीन वर्षं तो ज्याला टाळत होता, तो कुठला माइक नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

अंतऱ्यात स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी झाली होती. मामाचा चेहरा एकदम उजळला. त्याने माउस मागे ओढला. "ऐक, ऐक! आधी वाफ सुटते, मग सूर लागतो. रजईपलीकडून! अण्णांनी काय पकडलंय!"

दारातून मामी म्हणाली, "अहो, किती झाल्या हो? गाण्यात माझं लक्षच राहिलं नाही."

मामाने गाणं पहिल्यापासून लावलं, हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबला आणि शेवटपर्यंत मन लावून ऐकलं.

"दोन," तो म्हणाला.

मामीने आत जाऊन गॅस पुन्हा लावला.